पॉवर सप्लायचं व्होल्टेज गरम झाल्यावरच पडत असेल, तर कपॅसिटरवर लगेच संशय नको

१२ व्होल्टच्या, २एन३०५५ ट्रान्झिस्टर असलेल्या पॉवर सप्लायबद्दल एकानं केलेलं 'वीस मिनिटांनी १२ चे ९ व्होल्ट होतात, म्हणजे फिल्टर कपॅसिटर (डीसीतले चढउतार सपाट करणारा) गेला' हे निदान पटत नाही. आतला द्रव वाळलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बहुधा थंड असतानाच जास्त छळतो. तापला की त्याचा ईएसआर (आतला रोध) उतरतो आणि सप्लाय उलट सुधारतो. एक मीटर त्या कपॅसिटरवर, दुसरा आउटपुटला लावा आणि १ अँपियर लोड देऊन वाट पाहा. आउटपुट पडताना कपॅसिटरवरचं व्होल्टेज टिकून असेल, तर तो निर्दोष आणि दोष पुढे. २एन३०५५, म्हणजे लोडचा करंट ज्यातून जातो तो पास ट्रान्झिस्टर, बदलायचीही घाई नको: तापून लीक होणाऱ्या पास ट्रान्झिस्टरमुळे, विशेषतः लोड नसताना, आउटपुट वर चढतं, खाली येत नाही.

मग उरतो ड्राय सोल्डर (नीट न धरलेला जोड), रेफरन्स (स्थिर व्होल्टेज देणारा भाग) किंवा ऑप-अँप (आउटपुट त्याच्याशी ताडून सांभाळणारी चिप). हेअर ड्रायरच्या तोंडाला जाड कागदाचं नळकांडं लावून एकेक भाग तापवा, फ्रीझ स्प्रेनं थंड करा. कुठे आकडा उडी मारतो ते दिसेल. हीट सिंकजवळच्या पायांभोवती भिंगातून पाहा, सोल्डरमध्ये केसाएवढं काळपट कडं दिसलं की तोच चोर. नुसतं आयर्न टेकवून भागत नाही, जुनं सोल्डर विकनं (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीनं) उपसून फ्लक्ससह नवं भरा. त्याआधी प्लग काढा आणि कपॅसिटर १ किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरमधून रिकामा करा. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करायची सवय वाईट, ठिणगीत टर्मिनल जळतं.