मदत हवी आहे: लाल लेसर डायोड ६३५ घ्यावा की ६५० नॅनोमीटर?

लाकूडकामाच्या छंदासाठी छोट्या टेबल-करवतीवर कापायची रेघ दाखवणारा लाल लेसर बसवतोय. सोलापुरात दुकानांत ६५० नॅनोमीटर (प्रकाशाची तरंगलांबी), ५ मिलीवॅट, ५ व्होल्टचं साधं मॉड्यूल (डायोड, लेन्स, सर्किट एकत्र) लगेच मिळतं. तेच रेघेच्या लेन्ससह लावून पाहिलं. संध्याकाळी रेघ छान दिसते, दुपारी सागवानावर जवळजवळ गायब. लेन्स फिरवून फोकस केला, सावलीला आडोसा लावला, थोडाच फरक पडला.

तेवढ्याच पॉवरला ६३५ चा प्रकाश डोळ्याला साधारण दुप्पट उजळ भासतो, म्हणून मन तिकडे ओढतंय. काळजी उष्णतेची आहे. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात तापमान चाळिशीपार जातं आणि डायोड तापला की प्रकाश घटतो.

पॉवर ५ मिलीवॅटच्या वर न्यायची नाही. घरात लहान मुलं आहेत, डोळ्यांशी खेळ नको. ५३२ चा हिरवाही नको, तो तापमानाला आणखी नाजूक. सोल्डरिंग येतं, स्थिर करंटचा ड्रायव्हर (डायोडला ठरावीक करंट देणारं सर्किट) बनवू शकतो. बजेट हजार रुपये.

अशा उन्हाळ्यात ६३५ चं तयार मॉड्यूल कुणी रोज वापरलंय का? की सुटा डायोड, ॲल्युमिनियमचं हाउसिंग आणि स्वतःचा ड्रायव्हर हेच जास्त टिकेल?