मदत हवी आहे : घरांची अदलाबदल करून फ्रान्सला जायचंय, व्हिसासाठी राहण्याचा पुरावा काय द्यायचा?

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं कोथरूडला राहतो, दोघंही निवृत्त. होमएक्सचेंज या घरांच्या अदलाबदलीच्या संकेतस्थळावर फ्रान्समधल्या लियाँ शहरातल्या एका जोडप्याशी जुळलं आहे. ते डिसेंबरमध्ये सवाई गंधर्वसाठी पुण्यात येऊन आमच्या घरी राहणार, आम्ही मे महिन्यात १५ दिवस त्यांच्याकडे. भाडं कुणीच कुणाला द्यायचं नाही. तीनदा व्हिडिओ कॉल झालाय, माणसं फार चांगली वाटली.

अडचण शेंगेन व्हिसाची (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) आहे. हॉटेलचं बुकिंग नाही, मग राहण्याचा पुरावा काय जोडायचा? फ्रान्समध्ये कुणाच्या घरी उतरायचं तर यजमानाला तिथल्या नगरपालिकेतून ‘आतेस्तासियाँ दाक्य’ हा दाखला काढावा लागतो. पण आम्ही तिथे असू तेव्हा ते दोघं मुलीकडे असणार, घरी नाहीत. अशा वेळी हा दाखला मिळतो का? की अदलाबदलीचा लेखी करार पुरतो? कुणी असा व्हिसा प्रत्यक्ष काढला असेल तर कोणते कागद जोडले ते कृपया सविस्तर सांगा. एजंट सरळ हॉटेलचं खोटं बुकिंग दाखवा म्हणाला, ते आम्हाला अजिबात करायचं नाही.

दुसरं, परदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांत ऑनलाइन माहिती भरावी लागते. आम्ही तेव्हा बंगळूरला लेकाकडे असू. तिथून भरता येईल का? सोसायटीला आधी पत्र दिलं होतं का कुणी?

आणि पाहुणे घरात असताना देवघराचं काय केलंत? रोजची पूजा असते, म्हणून विचारते.