सवाईत व्यंकटेश कुमार पहिल्यांदाच लाईव्ह ऐकणार, कुठे बसू?

कोथरूडकर_८८: दहा वर्षं यूट्यूबवर शास्त्रीय गायक पं. व्यंकटेश कुमार ऐकतोय, आता पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात समोर बसून ऐकायचा योग येतोय. खुर्चीचं तिकीट काढू की भारतीय बैठक? गुडघे जरा कुरकुरतात, पण लांबून स्क्रीनवरच बघायचं असेल तर घरचा टीव्ही काय वाईट?

चहाबाज: बैठकच घे रे. जाड सतरंजी, पाठीला उशी आणि शाल ने, डिसेंबरात मुकुंदनगरच्या त्या ग्राउंडवर आठनंतर जमिनीतून गारठा वर येतो. मी पहिल्या वर्षी नुसत्या शर्टावर गेलो होतो, मारवा राग ऐकताना अंगावर काटा आला तो सुरांचा की थंडीचा अजून कळलेलं नाही :)

रमणबागवाली: आमच्या वेळी सवाई रमणबाग शाळेच्या मैदानावर रात्रभर चालायचं, पहाटे भीमसेन जोशी गायचे. आता दहाला माईक बंद, चालायचंच. पण व्यंकटेश कुमारांचं सांगते, गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात पुट्टराज गवईंकडे शिकलेला माणूस, ग्वाल्हेर-किराणा दोन्ही घराणी गळ्यात. तार षड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला लागले की समोरचा मांडवच गप्प होतो, स्पीकरमधून ते अर्धंच पोचतं. आणि प्लीज मोबाईल वर धरून शूट करत बसू नकोस, मागच्याला फक्त तुझा हात दिसतो.

कोथरूडकर_८८: ठरलं, बैठक. उशी आईकडून ढापतो. भजन म्हणतील ना शेवटी?

चहाबाज: म्हणतील बहुतेक, तोपर्यंत वडापावच्या लाईनीत जाऊ नकोस म्हणजे झालं.