शब्दचर्चा: नायट्रिक ऑक्साइडची 'संदेशसाखळी' की 'संकेतमार्ग'?

जुळे सोलापूर
ज्येष्ठ नागरिक मंडळासाठी माहितीपत्रक लिहितोय: शरीरात तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड वायू आणि त्याचा अँग्झायटीशी संबंध. पेशींमध्ये निरोप पुढे पोचतो त्या 'सिग्नलिंग पाथवे'ला 'संकेतमार्ग' चालेल का? 'अँग्झायटी'ला नुसतं 'चिंता'? नायट्रिक ऑक्साइडला 'हास्यवायू' लिहा, असंही एकांनी सुचवलंय.

अशोक चौक
हास्यवायू अजिबात नको! तो नायट्रस ऑक्साइड, भूल देताना वापरतात. नावं जवळची, पण वायू निराळे.

'मार्ग' म्हटलं की आखलेली वाट डोळ्यांपुढे येते. नायट्रिक ऑक्साइड पेशीला साठवून ठेवता येत नाही; तयार झाला की पेशीपटलातून आरपार पसरतो आणि काही सेकंदांत संपतो. पुढे मात्र एकातून एक घडत जातं. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातल्या पेशी आर्जिनिन या अमिनो आम्लापासून तो बनवतात, शेजारच्या स्नायुपेशीत तो एका विकराला (एन्झाइमला) जागं करतो, सीजीएमपी हे पेशीतलं निरोप्या रसायन वाढतं, स्नायू सैलावतो, वाहिनी रुंदावते. म्हणून 'संदेशसाखळी' लिहा. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवतात त्या गोळीतूनही शेवटी हाच वायू मिळतो, हे जरूर घाला. मंडळातल्या कितीतरी जणांच्या खिशात ती डबी असेल. १९९८चं वैद्यकाचं नोबेल याच शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं.

विजापूर रोड
साखळी पटली. चिंतेचं म्हणाल तर आपल्याकडे ती कशाची तरी असते: पोरीच्या लग्नाची, नळाला पाणी कधी येईल याची. अँग्झायटीच्या आजारात कारण सापडेलच असं नाही, तरी धडधडतं, घाम फुटतो. आजाराला 'चिंताविकार' म्हणा आणि लक्षण सांगताना सरळ 'जीव घाबरा होतो' लिहा. दवाखान्यात माणसं तसंच सांगतात.

आणि कृपा करून 'नायट्रिक ऑक्साइडमुळे चिंता होते' असं छापू नका. मेंदूतल्या पेशीही हा वायू बनवतात. तो बनवणारं विकर रोखल्यावर उंदरांची भीती कमी झाल्याचं काही प्रयोगांत दिसलं, काहींत उलटंही दिसलं. एवढ्यावर 'मुळे' लिहिता येत नाही, 'सहभाग' म्हणा. 'उपकारक वायू' हेही टाळा. रक्तात जंतुसंसर्ग पसरला की तोच बेसुमार तयार होतो आणि रक्तदाब कोसळतो.

अशोक चौक
एक राहिलं. जिभेखालच्या त्या गोळीबरोबर सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) घेऊ नये, हे ठळक छापा. ते सीजीएमपी मोडू देत नाही, त्यामुळे रक्तदाब धोकादायक उतरतो.

जुळे सोलापूर
ठळक चौकटीत घेतो. 'अंतःस्तर' काढून 'आतलं अस्तर' केलं. मंडळात गणवेश शिवणारे बरेच आहेत, त्यांना अस्तर समजावून सांगावं लागणार नाही.