लशीचं धोरण बदललं की साथीवर खरंच फरक पडतो का?

प्रश्न: सरकारं लशीचा एखादा प्रकार बंद करतात, दुसरा आणतात. प्रत्यक्षात काही बदलतं का?

उत्तर: बदलतं. मी परिचारिका आहे, हे जवळून पाहिलंय. एप्रिल २०१६ मध्ये जगभर पोलिओच्या तोंडी लशीतून टाइप २ विषाणू (पोलिओ विषाणूच्या तीन प्रकारांपैकी एक; या लशीत तो जिवंत पण कमजोर केलेला असायचा) वगळला. कारण रास्त होतं. मूळ टाइप २ विषाणू १९९९ नंतर सापडला नव्हता आणि लशीतलाच क्वचित बदलून लकवा आणत होता. जुन्या कुप्या आम्ही एकेक मोजून परत केल्या. एकही राहू नये म्हणून शीतपेटी दोनदा उपसली. पण जिथे लसीकरण आधीच तोकडं होतं, तिथे टाइप २ पासून संरक्षण नसलेली मुलं वाढत गेली आणि लशीतून बदललेल्या टाइप २ च्या साथी उलट वाढल्या.

दुसरा वाचक: टोचायची लस होती ना?

उत्तर: होती, पण पुरवठा अपुरा. शिवाय ती लकव्यापासून वाचवते, आतड्यातून होणारा प्रसार तितका रोखत नाही. माझ्या मते निर्णय नाही, तयारी चुकली.

तिसरी वाचक: म्हणजे तारीख ठरवण्याआधी लसीकरण वाढवायला हवं होतं?

उत्तर: हो, अगदी तेच. सुटलेली मुलं आधी शोधायला हवी होती.