निनावी तक्रारी आणि रँक लिस्ट

अमेरिकेतील इंटर्नल मेडिसिनच्या एका रेसिडेन्सी (पदव्युत्तर वैद्यकीय प्रशिक्षण) प्रोग्रामविषयी दोन निनावी प्रतिकूल अभिप्राय वाचून तो रँक लिस्टच्या, म्हणजे उमेदवाराने पसंतीक्रमाने द्यायच्या प्रोग्रामांच्या यादीच्या, तळाला टाकावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते अभिप्रायाचा सूर किती कडवट आहे, यापेक्षा त्यात पडताळून पाहण्याजोगे काय आहे, हे आधी पाहावे. ‘प्रोग्राम टॉक्सिक आहे’ एवढ्यावरून काहीच हाती लागत नाही. परंतु ‘कामाचे तास कमी करून नोंदवायला सांगतात’ अशी तक्रार असेल, तर ती गंभीर आहे. कारण अशा प्रोग्रामांना मान्यता देणाऱ्या एसीजीएमई या संस्थेची आठवड्याला ८० तासांची मर्यादा चार आठवड्यांच्या सरासरीवर मोजली जात असल्याने एखादा जड आठवडा नियमात बसू शकतो, खोटी नोंद मात्र कशातच बसत नाही.

प्रोग्रामच्या मान्यतेची स्थिती एसीजीएमईच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. तिथे ‘वॉर्निंग’ किंवा ‘प्रोबेशन’ असे दिसले, तर निनावी तक्रारीलाही वजन येते. सध्याच्या रेसिडेंटांपैकी, शक्यतो व्हिसावर असलेल्या एखाद्याला, अलीकडे किती जण मध्येच सोडून गेले, हे फोनवर सरळ विचारावे. (ईमेलवर असे कोणी लिहून देत नाही.)

यादीत वर-खाली करणे वेगळे आणि नाव गाळणे वेगळे. मॅचचा, म्हणजे उमेदवारांच्या आणि प्रोग्रामांच्या याद्या जुळवून जागा ठरवणाऱ्या प्रक्रियेचा, निकाल बंधनकारक असल्यामुळे, तिथे जाण्यापेक्षा यंदा मॅच न झालेले परवडले, असे मनापासून वाटत असेल तरच नाव गाळावे. आणि भारतातून एमबीबीएस करून गेलेल्या उमेदवाराला दोन निनावी परिच्छेदांच्या भरवशावर तसे ठरवणे महागात पडू शकते.