एकाच फिल्ट्रेटचे दोन एफपीयू, आणि २४ तासांनी अडलेलं बगॅस

चिपाड_ते_इथेनॉल
पुण्यातच, पीएचडीचं पहिलं वर्ष. एनसीआयएममधून (सूक्ष्मजीवांचा संग्रह) आणलेली ट्रायकोडर्मा रीसी (सेलुलोज फोडणारं एन्झाइम सोडणारी बुरशी), मँडेल्स मीडियम, १% ॲव्हिसेल (शुद्ध सेलुलोजची पूड), ३०° से., १५० आरपीएम. सहाव्या दिवशी फिल्ट्रेट (बुरशी गाळून उरलेलं एन्झाइमचं पाणी) काढलं. फिल्टर पेपर ॲसेमध्ये (एन्झाइम कागदातून किती साखर सोडवतं याची चाचणी) ते दुप्पट पातळ केलं तर ०.६ आणि दहापट केलं तर १.९ एफपीयू/मिली (फिल्टर पेपर युनिट, एन्झाइमच्या ताकदीचं एकक) येतं. खरं कोणतं धरायचं?
दुसरं, बगॅसला (उसाच्या चिपाडाला) १% सल्फ्युरिक आम्ल, १२१°ला एक तास. मग १०% बगॅस, ग्रॅमला १५ एफपीयू, पीएच ४.८, ५०°. डीएनएसचं (साखरेच्या प्रमाणात रंग देणारं रसायन) रीडिंग २४ तासांनंतर हलतच नाही. एन्झाइम मेलं का?

५४०_नॅनोमीटर
दोन्ही नाहीत. या ॲसेत एन्झाइम दुप्पट केलं म्हणून साखर दुप्पट होत नाही. कागदातला सोपा भाग आधी संपतो, उरलेला चिवट. म्हणून एका डायल्यूशनचं रीडिंग घेऊन गुणाकार केला की जितकं पातळ, तितकं एफपीयू फुगतं. एफपीयू फक्त एकाच बिंदूला मोजतात: ६० मिनिटांत बरोबर २.० मिग्रॅ ग्लुकोज.

व्हॉटमन नं. १ ची १ × ६ सेंमी पट्टी (५० मिग्रॅ) गुंडाळून नळीत घाला, १ मिली ०.०५ एम सायट्रेट बफर, ०.५ मिली एन्झाइम. पट्टी पूर्ण बुडालीच पाहिजे, वर चिकटलेलं टोक म्हणजे कमी रीडिंग. ५०°ला ६० मिनिटं, ३ मिली डीएनएस, ५ मिनिटं खळाखळा उकळी. (पुण्यात पाणी ९८°च्या आसपासच उकळतं, स्टँडर्डच्या नळ्या त्याच बाथमध्ये, त्याच वेळी असल्या की काही बिघडत नाही.) अशी दोन डायल्यूशन शोधा की एकात २ मिग्रॅच्या जरा वर, दुसऱ्यात जरा खाली साखर येते. त्यांच्यामधून २.० मिग्रॅ देणारी कॉन्सन्ट्रेशन (डायल्यूशनमध्ये मूळ फिल्ट्रेटचा हिस्सा) काढा आणि ०.३७ ला तिने भागा. समजा ती ०.४ आली, तर ०.९३ एफपीयू/मिली.

न पातळ केलेल्या फिल्ट्रेटनेही २ मिग्रॅ येत नसेल तर आकडा लिहूच नका. १० केडीए मेम्ब्रेनवर घट्ट करा. आणि एन्झाइम ब्लँक (कागदाशिवायची नळी) विसरू नका, फिल्ट्रेटमध्ये आधीचीच साखर असते.

बुरशीकाठ
बगॅसचं बघू. एन्झाइम मेलं म्हणण्याआधी दोन तासांनी पीएच मोजा. आम्ल दिलेल्या चिपाडाच्या आत आम्ल मुरलेलं असतं, ते सावकाश बाहेर येतं आणि ५० मिमोलर बफरला दाद देत नाही. वरवर धुऊन भागत नाही, धुतलेलं पाणी ५ पीएचच्या पुढे जाईपर्यंत धुवा.

पीएच ठीक असेल तर माझा संशय बीटा-ग्लुकोसिडेजवर (सेलोबायोज, म्हणजे दोन ग्लुकोजची जोडी, फोडणारं एन्झाइम). रीसी ते फार थोडं सोडते. सेलोबायोज साठतो आणि सेलुलोज तोडणाऱ्या सेलोबायोहायड्रोलेजलाच अडवतो. डीएनएसला ग्लुकोज आणि सेलोबायोज वेगळे दिसत नाहीत, म्हणून तुम्हाला नुसती सपाट रेषा दिसते. तोच नमुना ग्लुकोज ऑक्सिडेज किटवर लावा. डीएनएसपेक्षा बराच कमी आला तर ॲस्परजिलस नायजरचं फिल्ट्रेट मिसळून पुन्हा चालवा. एचपीएलसी मिळत असेल तर उत्तमच.

लिग्निन हे तिसरं कारण. आम्लाने हेमिसेल्युलोज निघतं, लिग्निन बहुतेक तिथेच राहतं आणि एन्झाइमला चिकटवून घेतं. यासाठी लिग्निन काढणाऱ्या १–२% कॉस्टिकचा (सोडियम हायड्रॉक्साइड) एक बॅच शेजारी ठेवा.

अजून एक, टक्केवारी नेहमी सेलुलोजवर काढा. १० ग्रॅम कोरड्या मालात ५.५ ग्रॅम सेलुलोज असेल तर कमाल ग्लुकोज ६.१ ग्रॅम (× १.१११), त्यातून कमाल इथेनॉल ३.१ ग्रॅम (× ०.५११). हा हिशोब नसलेल्या पोस्टरला मी तरी किंमत देत नाही.

चिपाड_ते_इथेनॉल
जंतू वाढू नयेत म्हणून सोडियम अझाइड ०.०२% टाकलंय. तेच द्रव पुढे यीस्टला चालेल?

५४०_नॅनोमीटर
नाही, यीस्टही अडेल. शिवाय ४.८ पीएचला अझाइडचा निम्म्याच्या आसपास भाग हायड्राझोइक आम्ल होतो. ते विषारी आणि उडून जाणारं. ५०°ची बाटली हूडमध्येच उघडा. फर्मेंटेशनची बॅच वेगळी लावा: बगॅस बफरसकट ऑटोक्लेव्ह, एन्झाइम ०.२ मायक्रॉनमधून गाळून. सॅकरोमायसिस झायलोज खात नाही, तेव्हा आम्लाचं पहिलं पाणी (त्यात मुख्यतः झायलोजच) त्यात ओतण्यात अर्थ नाही. त्यात यीस्टला अडवणारं फरफ्युरल असतं ते वेगळंच.